मुळाच्या आत कोण राहतं

आमचे सर दापोलीच्या एसटीत चढले की कंडक्टरला विचारत, "ही गाडी दापोलीलाच जाते कशावरून?" कंडक्टर पाटीकडे बोट दाखवी. "पाटी काय हो, कालचीही असेल," असं म्हणून सर ड्रायव्हरला विचारत, मग मागच्या बाकावरच्या एखाद्या आजीबाईंना. तिघांकडून एकच उत्तर आलं की मगच पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसत. एकाने सांगितली ती अफवा, दोघांनी सांगितला तो योगायोग आणि तिघांनी एकमेकांना न विचारता सांगितलं तर बहुधा खरं, असं त्यांचं शास्त्र होतं. त्यातला 'बहुधा' ते कधी गाळत नसत.

रत्नागिरीत संशयी माणसांची टंचाई कधीच नव्हती. माझे वडील कोर्टात कारकून होते, त्यामुळे कोण कोणावर कसला संशय घेऊन आहे हे आम्हाला रोज जेवताना कळायचं. तरीही सरांच्या जवळपास जाईल असा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या मनगटावर एक घड्याळ असे आणि खिशात दुसरं. दोघांत मिनिटाचा फरक पडला की ते रेडिओवरच्या बातम्यांची वाट बघत. मासळीबाजारात तर त्यांना सगळ्या ओळखून होत्या. बांगडा ताजा कशावरून, असं त्यांनी विचारल्यावर एकदा एक मासळीवाली वैतागून म्हणाली, "तूच जा नि समुद्रात बगून ये, तवर मी हितंच बसतंय." सरांना यात विनोद दिसला नाही. कल्ला उघडून, बोटाने दाबून, वास घेऊन, शेजारणीच्या टोपलीतलाही तसाच तपासून, अखेर त्यांनी पहिलीकडूनच घेतला.

मी त्यांच्याकडे संशोधन सहायक म्हणून लागले ते २००२ साली. गावाबाहेर कातळावर आमचं लहानसं सरकारी केंद्र होतं. बाकीचे लोक भाताच्या आणि नाचणीच्या जातींवर काम करत. आमचा सूक्ष्मजीव विभाग म्हणजे सर, मी आणि तात्या. तात्या प्रयोगशाळेतले अटेंडंट. पन्नाशी उलटलेले, पावसकडच्या एका वाडीतले, पानाने ओठ लाल. सरांच्या हाताखाली त्यांची वीस वर्षं झाली होती आणि सरांना न विचारता फ्रीज उघडायची मुभा असलेला पृथ्वीवरचा तो एकच माणूस होता. फ्रीजच्या दाराला सरांच्या सहीची कागदी पट्टी चिकटवलेली असे. ती मी फाडली तर वहीत वेळ आणि कारण लिहावं लागे. तात्यांनी फाडली तर ते नुसतं म्हणत, "फाडलीय ओ सायेब," आणि सर मान डोलावत.

पहिल्या दिवशी सरांनी मला काम समजावून सांगितलं ते असं. भाताच्या मुळाच्या आत जिवाणू राहतात. रोग करणारे नव्हेत, गुण्यागोविंदाने राहणारे. काही जण हवेतला नत्र धरून झाडाला देतात, काही खाऱ्या पाण्यात झाडाला तगायला मदत करतात. आपल्याला आत कोण राहतं ते शोधायचं आहे. "पण अगो, पंचाईत अशी की बाहेर मातीत राहणारे सगळेच, आम्ही आतले, म्हणून पुढे येतात," असं म्हणून सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही बाहेरचीच होते.

म्हणून मूळ धुवायचं. आधी नळाखाली, मग स्पिरिटात, मग ब्लीचिंगच्या पाण्यात, मग उकळून जंतू मारलेल्या पाण्याने पाच वेळा. त्यानंतर ते वाटून काचेच्या प्लेटीवर पसरायचं आणि काय उगवतं ते पाहायचं. इथवर सगळ्या जगात असंच करतात. सरांचा सगळा जीव मात्र त्या पाचव्या पाण्यात असे. ते पाणी फेकायचं नाही, त्याचीही एक वेगळी प्लेट करायची. तीन दिवसांनी त्या प्लेटीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला तर मूळ बाहेरून साफ झालेलं नाही, म्हणजे आतले म्हणून जे काही उगवलंय तेही भरवशाचं नाही. मग सगळ्याच्या सगळ्या प्लेटी ऑटोक्लेव्हमध्ये. तात्या त्याला मोठा कुकर म्हणत. माझ्या पंधरा दिवसांच्या मेहनतीचा ट्रे हातात घेऊन ते हळहळत, "पुन्यांदा शिजवायचं काय गो बाय?" पहिल्या वर्षात त्यांनी माझं काम सात वेळा शिजवलं.

त्याच वर्षी सरांनी माझ्या नमुन्यांत चोरून एक साध्या पाण्याची नळी घुसवली होती. मी तिच्यातूनही काही शोधून काढते का, ते बघायला. मला काहीच मिळालं नाही. तसं मी वहीत लिहिलं तेव्हा त्यांनी ती नळी साध्या पाण्याची होती हे सांगितलं आणि म्हणाले, "बरं." यापुढे त्यांची शाबासकी कधी गेली नाही. मला मात्र आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. माणूस आपल्याला चोर समजून दारात सापळा लावतो आणि आपण चोर निघालो नाही म्हणून खूश होतो, यात खूश होण्यासारखं काय, ते मला समजेना. संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हते. त्या दिवसापासून मीही त्यांच्यावर डोळा ठेवायला लागले.

माझा जिवाणू मला दुसऱ्या वर्षी सापडला. भाट्याच्या खाडीने आत गेलं की एका गावात खारी जमीन आहे. भरतीचं पाणी बांधातून झिरपतं, तरी तिथे एक जुनं लाल भात उभं राहतं. मी गणपतीच्या दिवसांत गेले. शेताचे मालक मुंबईहून आलेले होते, पडवीत खुर्ची टाकून बसले होते. मी रीतसर विचारलं की शेतात खतबित काही घालता का. ते म्हणाले, "छे, छे. आजोबांपासून जसं आहे तसं. मी मुंबईहून फोन करून सांगत असतो, काही घालू नका म्हणून." मी ते वहीत उतरवलं, चार जोमदार रोपं मुळासकट उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पहिल्या गाडीने परत आले.

पाचव्या पाण्याची प्लेट कोरी राहिली. तीनदा केलं, तिन्ही वेळा कोरी. आणि मुळाच्या प्लेटीवर मात्र फिकट गुलाबी ठिपके, एकसारखे, दाट. त्याचं कूळ ओळखीचं निघालं, पण त्या कुळातले ज्ञात जिवाणू जेवढ्या मिठात मान टाकतात तेवढ्या मिठात हा खुशाल वाढत होता. म्हणजे नवा. माझा. मी त्याला त्या खाडीचं नाव द्यायचंही मनात ठरवून टाकलं. सरांनी प्लेट उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली, नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. 'बरं' म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "हा तिथलाच कशावरून?"

या गुलाबी ठिपक्यांवर माझं सगळं अवलंबून होतं. घरी वडिलांनी मला दोन वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्यात पीएच.डी.चा विषय मार्गी लागला तर पुढे शिकायचं, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. वडील शब्दाला पक्के होते, त्यामुळे मुदतीलाही पक्के होते.

सरांनी एक गोष्ट मात्र केली. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेशी बोलून माझ्या जिवाणूचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, वाचून घ्यायचं जमवलं. आज हे काम कुरिअरने पाठवून आठवड्याभरात होतं. तेव्हा तशी गत नव्हती. एकाच पोथीच्या शंभर प्रती घेऊन त्यांचे वाटेल तसे कपटे करायचे, प्रत्येक कपट्यावरची अक्षरं वाचायची, आणि मग कोणत्या कपट्याचा शेवट कोणाच्या सुरुवातीशी जुळतो ते कॉम्प्युटरने लावून मूळ पोथी उभी करायची, असा तो खटाटोप. त्याला महिनेच्या महिने लागत. मी डीएनए काढला, सर स्वतः बर्फाच्या डब्यातून रेल्वेने घेऊन गेले. डबा सीटखाली ठेवायला ते तयार नव्हते. शेजारच्याने आत काय आहे विचारलं तर यांनी त्यालाच विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय?"

नंतर ते वाट बघणं सुरू झालं आणि तेव्हाच माझं डोकं फिरलं. एका रविवारी मी स्टँडवर मावशीला सोडायला गेले होते. दापोलीच्या गाडीत सर बसलेले दिसले. मांडीवर हिरव्या झाकणाचा थर्मास. सोमवारी मी फ्रीज उघडला तर पट्टी नवी होती आणि माझ्या जिवाणूच्या सहा नळ्यांपैकी पाचच होत्या.

"सर, माझी एक नळी कमी आहे."

"आहे खरी."

"कुठे गेली?"

"सुरक्षित आहे," असं म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले, त्यापुढच्याही. मग एक दिवस मुंबईचा एक सफारीवाला गृहस्थ आला. जिवाणू खताच्या पुड्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, हे मला त्याच्या बॅगेवरून कळलं. सरांनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. आमच्या प्रयोगशाळेचं दार लावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तासाभराने दोघं बाहेर आले, माझी ओळखसुद्धा करून दिली नाही. मी तात्यांना विचारलं, "काय चाललंय हो?" ते म्हणाले, "मना काय ठाव? सनवारी थर्मास धुवून बरफ भरतंय, येवडाच माजा सबंद."

मला सगळं लख्ख दिसलं. खाऱ्या जमिनीत पीक तगवणारा जिवाणू म्हणजे कंपनीला घबाडच. सर माझी नळी विकत होते, मला झुलवत होते, आणि जीनोम आला की त्यावर नाव त्यांचं लागणार होतं. एकेक गोष्ट मी सरांच्याच पद्धतीने तपासली. थर्मास, नळी, बंद दार. तीन पुरावे, एकमेकांना न विचारता एकच सांगत होते.

आमच्या भागात निनावी अर्ज हा काही मोठा गुन्हा समजत नाहीत. वडिलांच्या तोंडून मी असे शेकडो अर्ज ऐकले होते. मी फुलस्केप कागद घेतला आणि डाव्या हाताने लिहिलं, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. भाषाही मुद्दाम ओबडधोबड ठेवली. थर्मासचं हिरवं झाकण, फ्रीजचा दुसरा कप्पा, रविवारची दापोलीची गाडी, सगळं घातलं. संचालकांच्या नावाने पाकीट केलं आणि लांबच्या पोस्टात नेऊन टाकलं. तेव्हा मला आपण फार मोठं धैर्याचं काम करतोय असंच वाटत होतं.

मुख्यालयातून दोन अधिकारी आले. सरांच्या किल्ल्या काढून घेतल्या, प्रकल्प थांबवला. चौकशीत सरांनी त्यांनाच धडा दिला असं ऐकलं. "संशय घेतलात ते उत्तम केलंत, पण पद्धत चुकतेय. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच काय विचारत बसलाय? दुसरीकडे विचारा." थर्मासमधून काय नेलं आणि कोणाकडे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. जीनोम येऊ दे, मग बोलेन, एवढंच.

अर्जाची एक प्रत त्यांच्या हाती आली होती. त्यांनी ती भिंग लावून वाचली. हिरवं झाकण कोणाला माहीत? दुसरा कप्पा कोणाला माहीत? आणि हे वेडंवाकडं अक्षर, ही भाषा कोणाची? तीन पुरावे तात्यांकडे बोट दाखवत होते. सरांनी संचालकांना सांगितलं की हा माणूस माझ्या प्रयोगशाळेत नको. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या तात्यांची बदली मंडणगडच्या उपकेंद्रावर झाली. घरी वाडीत बायको एकटी, आणि हे तिकडे डोंगरात खोली घेऊन राहणार.

जायच्या दिवशी तात्या दारात उभे राहिले. हातात घडी केलेला एप्रन. "सायेब, मी नाय लिवलं."

सर सूक्ष्मदर्शकातून वर आले नाहीत.

"मना धड लिवता तरी येतं काय?"

"लिहून घेता येतं," सर म्हणाले.

मी सिंकपाशी प्लेटी धूत होते. नळ बंद करून मी एक वाक्य बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. मी नळ आणखी मोठा सोडला. स्वतःला सांगितलं की सर चोर आहेत, आणि चोराला धरताना एखाद्याला धक्का लागायचाच.

जीनोम आला तो चार महिन्यांनी. सरांनी मला समोर बसवलं आणि टेबलावर दोन छापील कागद ठेवले, अक्षरांच्या ओळीच ओळी. "ही तुझ्या जिवाणूची पोथी, त्यातला एक तुकडा. आणि ही दुसऱ्या एकाची, तोच तुकडा. वाच." मी बोट ठेवून वाचत गेले. कुठेही एका अक्षराचा फरक नव्हता. त्यांनी दुसरा तुकडा दिला, तिसरा दिला. तेच.

"दुसरा कोण आहे, सर?"

"पुडीतला."

आदल्या वर्षी आमच्याच केंद्राने शेतकरी मेळाव्यात जिवाणू खताच्या पुड्या फुकट वाटल्या होत्या. मार्चच्या आत संपवायच्या म्हणून गावोगाव वाटल्या, त्या खाडीकाठच्या गावातही. सर तिथे जाऊन आले होते, एकदा नव्हे, तीनदा, तीन वेगवेगळ्या घरी. त्या शेताची लावणी करणाऱ्या काकींनी त्यांना सरळ सांगितलं होतं, "गुलाच्या पान्यात पुडी कालवली नि रोपांची मुलां बुडवली. तुमच्याच लोकांनी दिलेली ना? फुकट कशाला घालवायची?"

"लावणी कोण करतं गो?" सरांनी मला विचारलं. "बायका. वाकून, गुडघाभर चिखलात. आणि तू विचारलंस कोणाला? वर्षातून दहा दिवस येणाऱ्या, पडवीत बसलेल्या पुरुषाला. कोकणातली मुलगी ना तू?"

माझ्या आईच्या माहेरी मी हेच बघत आले होते. पाहुणा आला की पडवीतल्या पुरुषाशी बोलतो, आणि ज्यांना माहीत असतं त्या आत चहा करत असतात. मी शिकून सवरून तोच पाहुणा झाले होते. आमचाच जिवाणू आम्ही पुडीतून पाठवला, तो मुळात शिरला, आणि आम्हीच तो नवा म्हणून शोधून काढला. तो मिठात तगतो हे पुडीवाल्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण त्याला मिठात वाढवून कोणी पाहिलंच नव्हतं.

हळूहळू बाकीचंही कळलं. सफारीवाला त्यांचा मूळ जिवाणू घेऊन आला होता, सरांनीच मागवला होता म्हणून. रविवारची थर्मासची वारी दापोलीतल्या एका जुन्या मित्राकडे होती. त्यांच्याकडे आधी माझा एकटा आणि मग दोन्ही जिवाणू शेजारी शेजारी वाढवून पाहायचे, आणि त्या मित्रालाही कुठला कोणता ते सांगायचं नाही. दक्षिणेतल्या प्रयोगशाळेत दुसरी नळी गेली ती यानंतरच, नुसतं 'ख' असं लिहून.

"पण सर, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू तेच शोधत बसली असतीस, आणि जे शोधायचं ठरवतो ते माणसाला दिसतंच. तुझं काम चोख आहे. पाचवं पाणी कोरं होतं, जिवाणू आतच होता. फक्त तो आत कसा आला, तेवढं चुकलं." मग ते म्हणाले, "बरं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिवाणू गेला याचं दुःख मला त्या क्षणी झालंच नाही. मी मंडणगडच्या डोंगरात खोली घेऊन राहणाऱ्या माणसाचा विचार करत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सरांनी विषय लगेच फिरवला, पुडीतला जिवाणू खाऱ्या जमिनीत मुळात नेमका शिरतो कसा, हाच आता तुझा विषय, म्हणाले. मुदतीच्या आत मला विषय मिळाला. चौकशी गुंडाळली गेली, किल्ल्या परत आल्या. आज सांगू, उद्या सांगू करत मी तीन वर्षं काढली, आणि त्या तीन वर्षांत सरांनी फ्रीजवरची पट्टी माझ्यासाठी काढून टाकली. आता माझ्यावर त्यांचा विश्वास होता. हे मला सर्वांत जड जात होतं.

पीएच.डी. झाली तेव्हा सर निवृत्त झाले होते. मे महिन्यात मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी पेढा बोटाने दाबून पाहिला आणि खाल्ला. बोलता बोलता जुन्या प्रयोगशाळेचा विषय निघाला. "तात्याही नोकरीतून सुटला म्हणे," ते म्हणाले. "वीस वर्षं त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. एकाच माणसापुढे डोळे मिटले, आणि तिथेच फसलो."

मी म्हटलं, "सर, तो अर्ज मी लिहिला होता."

त्यांनी मान हलवली. "कशावरून? तुला त्याची दया येते, म्हणून तू स्वतःवर घेतेस. अक्षर तुझं नाही. तुझ्या पाच वर्षांच्या वह्या मी तपासल्यात."

"डाव्या हाताने लिहिलं, सर."

ते उठले, कपाटातून फाईल काढली, अर्जाची प्रत टेबलावर ठेवली, झाकली. मला कोरा कागद आणि पेन दिलं. अर्जातलं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. मासळीबाजार, पाऊसपाणी, कसलीतरी चार वाक्यं सांगितली आणि मी ती डाव्या हाताने लिहिली. मग आणखी चार. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि भिंग घेतलं. एकेका अक्षराचा काना, एकेकाची गाठ, ते सावकाश तपासत होते. आपण गुन्हेगार आहोत हे सिद्ध व्हावं म्हणून मी इतकी धडपडत होते, आणि सर मला सुटायला जागा आहे का ते शोधत होते.

"जुळतंय," ते अखेर म्हणाले.

मला वाटलं आता ते मला घराबाहेर काढतील. त्यांनी दोन्ही कागद फाईलीत ठेवले, आत जाऊन शर्ट बदलून आले आणि चपला घातल्या. "चल," एवढंच म्हणाले. आज रिक्षावाल्यालाही त्यांनी रस्ता हाच कशावरून, असं विचारलं नाही.

पावसकडच्या वाडीत तात्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. हात कोपरापर्यंत लाल. आम्हाला बघून गडबडले, धोतराला हात पुसायला लागले. सर उन्हातच उभे राहिले.

"तात्या, माझी चूक झाली. तो अर्ज तू लिहिलेला नाहीस. आता पुरावा मिळाला. तुला मी उगाच दोन वर्षं डोंगरात धाडलं. मला माफ कर."

तात्यांनी धोतराला हात पुसणं थांबवलं. मग म्हणाले, "मी सांगत व्हतो ओ सायेब."

"सांगत होतास. मी ऐकलं नाही."

"मग लिवलान कोनी?"

मी तोंड उघडलं. पण सर आधी बोलले. "ते काही कळलं नाही," ते म्हणाले, आणि 'बहुधा' असंही म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं.

तात्यांनी घरात हाक मारून कोकम सरबत मागवलं. आम्हाला बाजेवर बसवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाय, तू डाक्टर झालीस ना गो? मी सगल्यांना सांगतंय, आमच्या लॅबातली पोर डाक्टर झाली. सात वेला तिचं मी माज्या हातानं शिजवलंय."

मी हो म्हटलं आणि सरबत प्याले. परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "मी त्याची माफी माझ्यापुरती मागितली. तुझी तू माग." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तात्या अजून आहेत, आमसुलांचा डबा दर उन्हाळ्यात पाठवतात, आणि मी फोन करून डबा पोचला एवढंच सांगते. हे लिहून झालं की मी पावसला जाणार आहे, आणि तात्यांना हे स्वतः वाचून दाखवणार आहे.